शिक्षा न होताच सात महिने आत. तुरुंग नक्की कशासाठी आहेत?

सुरंगी
मंडळी, हा धागा काढू की नको यात आठवडा गेला, शेवटी लिहितेच. मी विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक आहे. वकील नाही. आठवड्यातून एकदा तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांचे, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही त्यांचे, अर्ज भरून घेते, कोणाला वकील मिळाला नाही, कोणाला पुढची तारीख माहीत नाही, कोणाच्या घरी निरोपच गेला नाही, असली कामं. जिल्हा मुद्दाम लिहीत नाही, कोकणातलाच आहे एवढं पुरे.

मार्चमधे एक पोरगा समोर आला. वीस वर्षांचा, कातकरी. गेल्या ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यावर एका बोटीवर खलाशी म्हणून लागला. सप्टेंबर संपत आला तरी पगार नाही, मागितला तर दिवाळीनंतर बघू. धक्क्यावर डिझेलचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन ठेवलेले होते ते ह्याने उचलले. मी नाही घेतले असं तो एकदाही म्हणाला नाही. "घेतले ताई, पण पैशे देत नव्हता ना" एवढंच म्हणाला. दोन्ही कॅन त्याच दिवशी संध्याकाळी भरलेले परत मिळाले.

आता हिशोब बघा. चाळीस लिटर डिझेल म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ३,६०० ते ३,७०० रुपये. नवीन भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ सांगतं की चोरीची किंमत ५,००० च्या आत असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत मिळाला असेल तर शिक्षा काय, तर सामाजिक सेवा. झाडलोट, साफसफाई असलं काही काम. आणि तो गुन्हा जामीनपात्र. पण कागदावर डिझेल, कॅन, पाईप आणि डिझेल ओढायचा हातपंप असं सगळं धरून किंमत लागली ६,४००. झालं, अजामीनपात्र.

तरी ऑक्टोबरमधे जामीन झाला हो. १५,००० आणि एक ऐपतदार जामीनदार. ऐपतदार म्हणजे ज्याच्याकडे सातबारा किंवा पगाराची स्लिप. त्यांच्या वाडीत पंचवीसेक घरं आहेत, एकाच्याही नावावर जमीन नाही, घराखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. आई उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेली. म्हणजे कोर्टाने सोडा म्हटलेलं असताना तो पोरगा सहा महिने आत आहे, कारण त्याच्या ओळखीत जमीनवाला माणूस नाही.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. त्या दिवशी भट्टीवरून माणसं आणायला गाडी गेली होती, त्याची आई त्या गाडीतून आली, मत दिलं, बोटाला शाई लावून परत भट्टीवर सोडली. वाडीवर मतासाठी गाडी येते. जामिनासाठी कोणी येत नाही. आणि ज्याचं आयुष्यातलं पहिलं मतदान होतं तो आत, त्याला मत देता येत नाही.

हा एकटा नाही. २०२२ च्या अखेरीस देशभरात ५,७३,२२० माणसं तुरुंगात होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन. सरकारचेच आकडे आहेत. आतापर्यंत मी म्हणायचे तुरुंग सुधारले पाहिजेत, पंखे हवेत, डॉक्टर हवा. आता वाटायला लागलंय की ही गोष्ट आपल्याला हवी तरी का आहे. अमेरिकेत तुरुंगच नकोत म्हणणारी चळवळ आहे असं ऐकलंय, कोणाला नीट माहीत असेल तर लिहा. आणि विरोधात असाल तरी लिहा.

दर्यावर्दी_७१
ताई तुमचं काम चांगलं आहे पण दुसरी बाजू पण ऐका. माझ्या दोन बोटी आहेत. डिझेल, बॅटरी, जाळ्याची शिसं, पितळी पंखा, काय चोरीला जात नाही विचारा. मागल्या सीझनला माझी नवीन बॅटरी गेली, बोट तीन दिवस उभी, सहा खलाश्यांचा खर्च चालू, बर्फ वितळला तो वेगळा. पोलिसात गेलो तर म्हणे संशयित सांगा. मी काय सांगणार? आणि उचल घेऊन पळणारे खलाशी किती असतात ते आम्हाला विचारा. तुरुंगच नको म्हणालात तर धक्क्यावर उद्या काही शिल्लक राहणार नाही. पगार अडवला हे चूक, त्या नाखव्याला कोणी विचारत नाही हे पण चूक. पण म्हणून चोरी बरोबर होते का?

सुरंगी
नाही होत. पण दादा तुम्हीच लिहिलंत, त्या नाखव्याला कोणी विचारत नाही. दोन महिन्यांची मजुरी कॅनपेक्षा कितीतरी जास्त होती. ती बुडवणं पण घेणंच ना? त्याच्यासाठी आत जाताना कोणी बघितलंय? आणि तुमची बॅटरी. तो चोर सापडून सात महिने आत गेला असता तर बॅटरीचे पैसे तुम्हाला कोणी दिले असते? तुमच्या नुकसानीचं काय हे त्या सगळ्या कागदात कुठेच नसतं, हे मी रोज बघते.

हर्णैकर_ह्यूस्टन
सुरंगीताई, मूळचा हर्णैचा, गेली एकोणीस वर्षं टेक्सासमधे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर माफ करा.

इकडे गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. पण त्या दुरुस्तीत एक पाचर आहे, गुलामी बंद, गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ती सोडून. दक्षिणेतल्या राज्यांनी ती पाचर लगेच ओळखली. मोकळे झालेले काळे लोक काम नसताना फिरताना दिसले की गुन्हा, मालकाची नोकरी सोडली की गुन्हा, असे कायदे केले. मग पकडायचं, दंड ठोकायचा, दंड भरता आला नाही की कैदी, आणि तो कैदी मळेवाल्याला भाड्याने द्यायचा. मळेवाला विकत घेतलेल्या गुलामाला निदान जपायचा, भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर शुगर लँड नावाचं गाव आहे, नावच साखरेवरून. २०१८ मधे तिथे शाळेचं बांधकाम चालू होतं, खणताना हाडं लागली. मोजली तर ९५ माणसं. सगळे भाड्याने दिलेले कैदी, काळे, ऊस तोडायला आणलेले, काही तर चौदा-पंधराची पोरं. कुठल्या नोंदीत नाही, दगड नाही, नाव नाही. मी मुलीला घेऊन तिथे गेलो होतो. आता कुंपण आहे, गवत आहे, बाजूला शाळा भरते. मुलीने विचारलं यांनी काय चोरलं होतं? मला उत्तर देता आलं नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. टेक्सासच्या तुरुंगात कैदी आजही शेतात राबतात आणि त्यांना मजुरी मिळत नाही, शून्य. देशाच्या लोकसंख्येत काळे साधारण १३ टक्के, तुरुंगात साधारण एक तृतीयांश. १९८६ च्या कायद्यात काळ्या वस्तीत चालणाऱ्या स्वस्त कोकेनच्या ५ ग्रॅमला जी शिक्षा, तीच गोऱ्यांच्या पावडर कोकेनच्या ५०० ग्रॅमला. एकास शंभर! २०१० मधे ते एकास अठरा केलं. एकास एक अजून नाहीच.

म्हणून तुम्ही विचारलेल्या त्या चळवळीतल्या अँजेला डेव्हिस, रूथ विल्सन गिल्मोर ही मंडळी म्हणतात की तुरुंग बिघडलेला नाही, तो ज्यासाठी बांधला ते काम करतोय. डेव्हिस स्वतः १९७० मधे पकडल्या गेल्या, सोळा महिने आत, आणि १९७२ मधे ज्युरीने सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. उद्या सकाळी सगळी दारं उघडा असं त्यांचं म्हणणं नाही हे मात्र नीट लक्षात घ्या, इथे बरेच जण तेच धरून बसतात. नवीन तुरुंग बांधू नका, पैशावाचून कोणाला आत ठेवू नका, तो पैसा शाळा, घरं, वेड्यासारखं वागणाऱ्या माणसाच्या उपचारांवर घाला, म्हणजे दर वर्षी आत पाठवायला कमी माणसं लागतील. आणि जमेल तिथे न्याय समाजानेच करावा, तंटा वस्तीने, गावाने मिळून सोडवावा. यातलं एक झालंय. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन अख्खाच बंद केला. माणूस धोकादायक आहे किंवा पळून जाईल हे सरकारने दाखवायचं, नाही तर त्याला घरी सोडायचं. तुमचा तो पोरगा तिकडे असता तर पैसे नाहीत म्हणून एक रात्रही आत राहिला नसता.

आबोली
सगळं वाचलं. पटतं पण आणि नाही पण. मी एक बाई म्हणून विचारते, ज्याने बलात्कार केला त्याचं काय करायचं? आमच्या गावात चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत झालंय, माणूस घरातलाच. तो आत गेला तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली. त्या मुलीला मी जाऊन सांगू का की तुरुंग नकोत? काळ्यांवर अन्याय झाला, कातकऱ्यांवर होतो, मान्य, हजारदा मान्य. पण चाळीस लिटर डिझेल आणि ही गोष्ट एका वाक्यात आणू नका प्लीज.

हर्णैकर_ह्यूस्टन
आबोलीताई, तुमचा प्रश्न टाळत नाही, पण माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तो आत गेला हे चांगलं झालं कारण ती मुलगी शाळेत जाऊ शकली. तिला शाळेत जाता येणं ही खरी गोष्ट. बाकी किती मुलींच्या बाबतीत तो आत जातच नाही, कारण घरचेच दाबून टाकतात.

आबोली
हो. ते मात्र खरं आहे. आमच्याकडे पण आधी दाबलंच होतं, दोन वर्षं.

निवृत्त_शिपाई
नमस्कार. जेल खात्यात शिपाई ते हवालदार अशी एकतीस वर्षं नोकरी केली. कुठे केली ते सांगत नाही. साठ माणसांची बरॅक आणि गिनतीला एकशे दहा, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. रात्री एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय, संडासला जायचं तर माणसं ओलांडत. नवीन आलेला पोरगा पहिले चार दिवस जेवत नाही, पाचव्या दिवशी जेवतो, मग ज्याने ताट पुढे केलं त्याच्या गटात जातो. दोन कॅनवाला आत येतो आणि वर्षभराने बाहेर पडताना त्याच्याकडे दहा नवीन ओळखी असतात, त्या कसल्या ते तुम्ही समजा. दर्यावर्दी साहेबांना माझं सांगणं की तुमची पुढची बॅटरी त्या ओळखीतून जाते.

दुसरं, तारखा. कोर्टात न्यायला पोलीस गार्ड लागते. गणपतीत बंदोबस्त, शिमग्यात बंदोबस्त, मंत्री आले बंदोबस्त, निवडणूक लागली बंदोबस्त. गार्ड नाही म्हणून कैदी जात नाही, कैदी नाही म्हणून केस चालत नाही, पुढची तारीख. आता व्हीसी (व्हिडिओवरून हजेरी) आली, त्याने थोडा फरक पडलाय, पण व्हीसीवर माणसाला काय बोललं ते कळत नाही, स्क्रीनसमोर दोन मिनिटं उभा राहतो आणि परत बरॅकीत येऊन आम्हालाच विचारतो, साहेब काय झालं माझं.

तिसरी गोष्ट लिहायला जड जातं. आडनाव विचारलं की काम ठरायचं. झाडू कोणाच्या हातात, संडास कोण धुणार, भटारखान्यात कोण, हे कोणी ठरवलं असं नाही, असंच चालत आलं. मी पण तेच केलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं, सुकन्या शांता नावाच्या पत्रकार बाईंनी केस घातली होती, रजिस्टरातला जातीचा रकाना सुद्धा काढा म्हणाले. निकाल वाचला तेव्हा मी घरी होतो. कितीतरी चेहरे आठवले.

पण तुरुंगाशिवाय चालत नाही असं मी म्हणणार नाही, कारण दुसरी रीत मी बघितली आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर हे खुलं कारागृह आहे, १९३९ साली औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनियरने राजेसाहेबांना सांगून सुरू केलं. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' त्याच्यावरूनच निघाला. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथे बायकापोरांसह राहून शेती करतात. भिंत नाही. मी दोनदा गेलोय. एका बाईने मला चहा दिला, नवरा विहिरीवर होता, तीनशे दोनचा कैदी, आणि घराला कडी नव्हती. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झाली हे चालू होऊन आणि आपण अजून नवीन बरॅकीच बांधतोय.

मुरूडवाली
वर्णद्वेष अमेरिकेतच असतो असं वाचून वाटेल म्हणून लिहिते. आमच्या मुलखाला जुनी माणसं हबसाण म्हणत. जंजिऱ्याचे सिद्दी मूळ आफ्रिकेतले, १९४८ पर्यंत इथे त्यांचं राज्य होतं, म्हणजे काळ्या माणसाने राज्य केलेला हा आपला कोकण. आणि माझ्या शाळेत सावळ्या मुलीला हबशीण म्हणून चिडवायचे, मी त्यातली एक. राजा होता तोवर मुजरा, राज्य गेलं की तोच शब्द शिवी झाला. रंग बघून माणूस चोर ठरवणं आम्हाला कोणी परदेशातून शिकवलेलं नाही. बाजारात काही गेलं तर पहिली नजर टोपली घेऊन बसलेल्या कातकरणीकडे जाते, माझी पण गेली आहे.

शिरोड्याचो_आबा
माका एकच सांगूचा आसा. आमच्या लहानपणी पारधी इले म्हटल्यार म्हातारी दारा लावन घेय. मी विचारलंय कित्या गे, तर म्हणाली ते चोर. कोणाचा काय चोरल्यानी? ता तिका पण म्हायत नाय. मागसून वाचलंय की इंग्रजांनी १८७१ साली कायदोच केल्लो, जल्मलो म्हणजे गुन्हेगार. १९५२ साली तो रद्द झालो. कायदो गेलो पण म्हातारेची कडी काय निघूक नाय. आज पण खय चोरी झाली तर पोलिसांची गाडी पयली खय जाता ता सगळ्यांका म्हायत आसा.

दारची_तुळस
मी इथे कधी लिहीत नाही, वाचते फक्त. पण हर्णैकरांनी जे सुचवलंय, की न्याय समाजाने करावा, गावाने मिळून सोडवावं, त्यावर लिहिणं भाग आहे.

आम्हाला गावकीने वाळीत टाकलं होतं. चार वर्षं. कारण काय, तर माझ्या सासऱ्यांनी देवळाच्या जमिनीचा हिशोब मागितला. बैठक झाली, दंड सांगितला, सासऱ्यांनी भरला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात सामान मिळेना. गिरणीवाला म्हणाला वहिनी माझ्यावर पण दंड बसेल. आमच्या घरी बोललं तर पाच हजार असं ठरलेलं. माझा मुलगा सात वर्षांचा, त्याच्याशी पोरं खेळत नसत, तो एकटाच भिंतीवर बॉल मारत बसायचा.

शिमग्याला पालखी घरोघरी येते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मी अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट तयार ठेवलं. पालखी आमच्या दारावरून तशीच पुढे गेली. ढोल वाजत होता. सासरे नारळ हातात घेऊन उभे होते, ते पालखी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभेच राहिले. दोन वर्षांनी गेले. खांद्याला माणसं दुसऱ्या गावातून आणावी लागली.

तुरुंगाला निदान तारीख असते, वकील असतो, कोणीतरी अर्ज लिहून घ्यायला येतं. वाळीत टाकलेल्याला अपील कुठे करायचं? आम्हाला सुटका मिळाली ती २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याने, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ती भीती होती म्हणून गावकीची माणसं मागे हटली. आता तुम्ही म्हणता तुरुंग नकोत. मग त्या दिवशी माझ्या बाजूने कोण उभं राहिलं असतं?

सुरंगी
तुळसताई, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. उत्तर लिहायला बसले आणि पुसलं, असं दोनदा झालं.

मी मनात गाव म्हणजे चांगलं आणि भिंत म्हणजे वाईट असं काहीतरी धरून चालले होते. ते चूक आहे. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम झाली, तिच्या समितीत कोण बसायचं? पाटील, शेठ, ज्याच्या अंगणात जीप उभी राहते तो. कातकरीवाडीतला एक माणूस मी कधी त्या खुर्चीवर बघितला नाही. तुमची गावकी आणि माझ्या पोराची ६,४०० ची किंमत, दोन्हीकडे ठरवणारा तोच आहे. ज्याच्याविरुद्ध ठरतं त्याला तिथे बोलायला जागा नाही. तरी एक विचारते, राग मानू नका. त्या माणसांपैकी कोणी प्रत्यक्ष तुरुंगात गेलं का?

दारची_तुळस
नाही. कोणीच नाही. गुन्हा दाखल झाला, त्याच दिवशी जामीन झाला. सगळ्यांकडे सातबारे होते.

त्यांनी बोलायला सुरुवात केली ती तहसीलदारांसमोर लेखी लिहून दिल्यावर. आणि खरं सांगायचं तर मला ते आत जायला नकोच होते. मला पालखी दारात थांबायला हवी होती. थांबली, गेल्या वर्षापासून थांबते. सासरे नाहीत बघायला.

मंडणगडचा_मतदार
आता लोकशाहीचं बोलतो, कारण मूळ दुखणं तिथे आहे असं माझं मत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५). तुरुंगात असलेला माणूस मत देऊ शकत नाही, शिक्षा झालेली असो नाहीतर नुसता संशय असो. १९९७ मधे सुप्रीम कोर्टाने हे कलम योग्य ठरवलं. पण शिक्षा न झालेला तोच माणूस आतून निवडणूक लढवू शकतो! २०२४ च्या लोकसभेत दोन जण तुरुंगातून निवडून आले. त्याच लोकसभेत ५४३ पैकी २५१ खासदारांनी स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात लिहून दिलंय की आमच्यावर गुन्हेगारी केसेस आहेत. त्यांच्यावर आरोप सिद्ध नाहीत म्हणून ते कायदे करतात, आणि बरोबरच आहे, सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. मग सव्वाचार लाखांवर कच्च्या कैद्यांवर तरी कुठे सिद्ध झालंय? त्यांचं मत का काढून घेतलं? जामिनावर बाहेर असलेला मत देतो, जामीन भरता न आलेला देत नाही. म्हणजे मताला आता सातबारा लागतो असाच अर्थ झाला ना! अमेरिकेत निदान मेन आणि व्हरमाँट अशी दोन राज्यं आहेत जिथे शिक्षा भोगणाराही मत देतो.

आमच्या तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात ते म्हणाले होते की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात एक माणूस एक मत, पण समाजात आणि पैशात विषमता तशीच. इथे तर राजकारणातलं एक मतसुद्धा गेलं. महाडला १९२७ मधे चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायला गेली, तळं कायद्याने सगळ्यांना खुलं होतंच, नगरपालिकेचा ठराव होता, तरी डोकी फुटली. कागदावर हक्क असणं आणि ओंजळीत पाणी येणं यातलं अंतर कोकणाने पहिल्यांदा पाहिलंय.

आणि हर्णैकरांना सांगतो, तुमचं तिकडचं आणि आमचं इकडचं जोडणारा माणूस आपल्याकडे फार आधी होऊन गेलाय. जोतिबांनी १८७३ मधे 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना.

पनवेलकर
तळोजा जेल आमच्या रायगडातच येतं. तिथे झारखंडच्या आदिवासींमधे काम करणारे, एल्गार परिषद केसमधले आरोपी फादर स्टॅन स्वामी होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे, हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर हवा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला गेले, खटला सुरू व्हायच्या आधी. त्यांच्या विचारांशी माझं जमत नव्हतं. पण मी रोज त्या रस्त्याने कंपनीत जातो आणि ती भिंत दिसली की मला तो सिपरच आठवतो.

दर्यावर्दी_७१
सगळं वाचतोय. शिपाई साहेबांचं आणि तुळसताईंचं वाचून बराच वेळ बसलो. आमच्याकडे सोसायटीची मिटिंग होते तेव्हा खलाश्याला बोलावत नाहीत, हे खरं आहे. उचल किती, पगार कधी, कुठे लिहिलेलं नसतं, वहीत नाखवा लिहितो आणि वही नाखव्याकडेच. माझ्याकडे पण तसंच आहे. या सीझनपासून मी खलाश्याला दुसरी वही देणार, दोघांच्या सह्या. पण चोरी झाली तर मी तक्रार करणार, ते पण सांगून ठेवतो.

निवृत्त_शिपाई
सुरंगीताई, कामाचं सांगतो. जामीन होऊन महिना झाला आणि जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करू शकतं, ३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. अधीक्षकांकडून जामीन आदेशाची तारीख लेखी घ्या आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडा असा अर्ज टाका. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना पण आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैसे मिळतात, कलेक्टरांच्या समितीकडून. पण त्याला वेळ लागतो, आधी जातमुचलका बघा. नाहीतर पहिला गुन्हा म्हणून सुटायला त्याचे कमाल शिक्षेचे, तीन वर्षांचे, एक तृतीयांश म्हणजे पूर्ण वर्ष भरेपर्यंत थांबावं लागेल, अजून पाच महिने.

सुरंगी
अपडेट. शिपाईकाकांनी सांगितलं तसाच अर्ज टाकला, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही आणि बुधवारी कोर्टाने जातमुचलक्यावर सोडायचा आदेश केला. कागद तुरुंगात पोचेपर्यंत साडेपाच झाले. मी आणि त्याची आई गेटसमोरच्या आंब्याखाली बसलो होतो. तिच्या हातावर भट्टीची माती तशीच होती, एक दिवसाचा खाडा करून आलेली. तो बाहेर आला तेव्हा पायात चप्पल नव्हती, सप्टेंबरात आत जाताना होती ती कुठे गेली त्याला सांगता आलं नाही. आईने त्याला काही विचारलं नाही, फक्त दंड दाबून बघितला किती बारीक झालाय. शेवटची एसटी गेलेली, रात्री माझ्याकडे राहिले दोघं. पंख्याखाली झोपला नाही, व्हरांड्यात जाऊन झोपला.

केस आहेच. ६,४०० ची किंमत खोडायची आहे, वकील त्याच्या मागे आहेत. पुढची तारीख १२ जून. त्यांच्या वाडीपासून कोर्ट साठ-पासष्ट किलोमीटर, पहिली एसटी धरली तरी अकराच्या आत पोचत नाही, आणि तारीख चुकली तर वॉरंट निघेल. त्या दिवशी त्या बाजूला कोणी गाडी घेऊन जाणार असेल तर कृपया मला संदेश टाका.

दर्यावर्दी_७१
बंदीत इंजिन खोललेलं असतं, पार्ट आणायला मी जूनमधे त्याच बाजूला जातो. १२ ला जाईन. टेम्पोत पुढे दोन जागा आहेत, आईला पण आणायचं असेल तर आणा. पहाटे साडेसहाला नाक्यावर उभं राहायला सांगा, पाऊस असेल तर मी आत वाडीपर्यंत येतो, फक्त रस्ता कुठून ते कळवा.